चर बुजवण्याआधी

(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलायच्या राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "पंधरा मिनिटं आहेत. तू नक्की काय काम करतेस ते सांग, पण कळेल असं सांग." इतकी वर्षं कोणी विचारलं की मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढंच उत्तर देते आणि समोरचाही पुढे काही विचारत नाही. आज तुम्ही विचारलंय, तर ऐका.

आपल्या पायाखालून पाण्याची लाइन जाते, गटार जातं, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली जातात, इंटरनेटची फायबर जाते आणि आता गॅसही जायला लागलाय. या सगळ्यांचे मालक वेगळे. प्रत्येकाकडे आपापला नकाशा असतो, किंवा नसतो. पुण्यातली आमची टीम युरोपातल्या ग्राहकांसाठी असे वेगवेगळे नकाशे एका साच्यात आणणारे प्रोग्रॅम लिहिते. कुदळ मी कधी हातात धरलेली नाही. पण या कामामुळे गेली सात-आठ वर्षं मी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबरोबर ऑनलाइन बैठकांना बसते. त्यात कोणी सर्व्हेअर असतो, कोणी पाणी कंपनीचा, कोणी महापालिकेचा. ही मंडळी आपापल्या चुका एकमेकांना मोकळेपणाने सांगतात, याचं मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटायचं. मग कळलं की त्या चुकांची किंमत आधीच कोणीतरी मोजलेली असते.

जपानमधल्या ओसाका शहरात १९७० साली भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. रस्ता खोदून वर फळ्या टाकल्या होत्या आणि त्यावरून वाहतूक चालू होती. खाली खड्ड्यात गॅसचा नळ उघडा लटकत ठेवलेला होता. ८ एप्रिलच्या संध्याकाळी त्याचा सांधा निखळला. गॅस साठला आणि स्फोट झाला. काय झालंय ते बघायला लोक जमले होते. ७९ माणसं गेली. आदल्याच वर्षी टोकियोतही भुयारी रेल्वेच्या कामात गॅसचा स्फोट झाला होता. पुढे १९८६ साली जपानने एक केंद्र उभं केलं. मोठ्या शहरांत रस्त्याखाली असलेल्या वीज, गॅस, टेलिफोन, पाणी आणि गटारांची माहिती सगळ्यांनी मिळून एका संगणकीय नकाशावर ठेवायची, असं ते केंद्र. १९८६ साली आपण बालवाडीत होतो.

दुसरी घटना बेल्जियमची. गिलांगियां नावाचं गाव आहे, ते नाव उच्चारायला मलाही सराव करावा लागला. तिथे औद्योगिक वसाहतीतून मोठ्या दाबाची गॅसवाहिनी गेलेली होती. बांधकामाच्या यंत्राने ती आधी कधीतरी दुखावली गेली होती, पण फुटली नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे वाहिनीतला दाब वाढवला गेला आणि ३० जुलै २००४ला सकाळी ती फुटली. २४ जणांचा जीव गेला. त्यात गॅसच्या वासाची तक्रार आली म्हणून बघायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. अपघात झाला देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, आणि धडा घेतला शेजारच्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्सनेही. २००८मध्ये त्यांनी कायदा केला, की खोदण्याआधी एका पोर्टलवर विचारायचं आणि त्या जागेखाली ज्यांचं काही आहे त्यांनी उत्तर द्यायचं. त्या पोर्टलचं नाव क्लिप. सुरुवातीला उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर यायची. पाच मालक असले तर पाच नकाशे, प्रत्येकाचं प्रमाण निराळं आणि रंग निराळे. खोदणाऱ्याने ते बॉनेटवर पसरून जुळवायचे. २०१६पासून सगळी उत्तरं एकाच साच्यात आणि एकाच नकाशावर येतात.

आपल्या भूगोलाच्या बाई इथे बसल्या आहेत. नकाशाला सूची, दिशा आणि प्रमाण नसेल तर बाई गुण कापायच्या, नकाशा कितीही सुबक असो. बाई, माझं निम्मं काम हेच आहे. कंपन्यांकडून येणाऱ्या नकाशांना सूची नसते. एक कंपनी खोली रस्त्याच्या पृष्ठभागापासून मोजते, दुसरी समुद्रसपाटीपासून. रस्त्यावर डांबराचे दोन थर चढले की पहिल्या कंपनीचा आकडा आपोआप चुकीचा होतो, नळ मात्र जागचा हललेला नसतो. कोणी नळाचा व्यास आतून मोजतो, कोणी बाहेरून. आणि माझा सगळ्यात नावडता आकडा म्हणजे शून्य. खोलीच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ नळ जमिनीवर आहे असा नसतो. माहिती भरणाऱ्याला खोली ठाऊक नव्हती आणि संगणक रिकामा रकाना स्वीकारत नव्हता, एवढाच असतो. 'माहीत नाही' असं लिहायला जागा ठेवली नाही की माणसं शून्य लिहितात. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे सांगते.

यावर एक चांगला उपाय अमेरिकेतून आला आणि तो बघता बघता जगभर गेला. तिथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने २००२ साली ठरवलं, की नकाशावरच्या प्रत्येक रेषेला एक दर्जा द्यायचा. आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. फक्त जुन्या कागदावरून काढलेली रेषा असेल तर 'डी'. वर दिसणारी झाकणं आणि चेंबर बघून ती कागदाशी जुळवली असतील तर 'सी'. यंत्राने शोधून काढली असेल तर 'बी'. प्रत्यक्ष उघडून, डोळ्यांनी बघून मोजली असेल तर 'ए'. ऑस्ट्रेलियाने २०१३मध्ये आणि ब्रिटनने २०१४मध्ये आपापल्या मानकांत याच धर्तीची प्रतवारी आणली. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण नकाशे न देण्याचं सगळ्यात मोठं कारण भीती असतं. आम्ही नकाशा दिला, तो चुकीचा निघाला आणि माणूस मेला तर जबाबदार कोण? रेषेखाली 'डी' लिहिलेलं असलं की देणाराही निर्धास्त असतो आणि घेणाराही सावध राहतो. जेसीबीवाल्याला कळतं, की इथे बकेट बाजूला ठेवून हाताने खोदायचं.

भीतीची आणखीही कारणं आहेत. विजेच्या मुख्य केबली कुठून जातात हे चुकीच्या माणसाच्या हाती लागलं तर काय, ही सुरक्षेची भीती. आपली फायबर कुठपर्यंत पोहोचली हे स्पर्धकाला कळेल, ही धंद्याची भीती. ब्रिटनमध्ये गेली काही वर्षं सगळ्यांचा मिळून एक राष्ट्रीय नकाशा उभा राहतो आहे. सहाशेहून अधिक संस्थांची माहिती त्यात यायची आहे. तिथल्या सरकारच्या अंदाजानुसार देशात जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर नळ आणि केबली आहेत. दर सात सेकंदांना कुठे ना कुठे एक खड्डा खणला जातो. वर्षाला सुमारे ६० हजार वेळा चुकून काहीतरी तुटतं आणि त्यात २.४ अब्ज पौंडांचं नुकसान होतं. इतकं असूनही कंपन्या चटकन तयार झाल्या नाहीत. कोणी, कुठल्या कामासाठी, किती भाग बघायचा याचे नियम ठरले, करार झाले, आधी ईशान्य इंग्लंड आणि लंडनमध्ये छोटे प्रयोग झाले, मगच गाडी पुढे सरकली. शेवटी २०२५मध्ये कायद्याचं पाठबळ मिळालं. प्रोग्रॅम लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ विश्वास बसायला लागला, हे मी या धंद्यातली असूनही कबूल करते.

सगळ्यांनी एकच साचा वापरावा म्हणून एक आंतरराष्ट्रीय प्रारूपही झालं आहे. न्यूयॉर्क, सिंगापूर आणि ब्रिटन इथल्या लोकांच्या पुढाकाराने ते सुरू झालं. त्याचं नाव 'मडी'. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेलं, पण ऐकायला चिखलासारखं लागावं म्हणून मुद्दाम जुळवलेलं असणार, असा माझा संशय आहे. इंजिनिअरांच्या विनोदाची धाव तेवढीच.

आता मुख्य मुद्द्यावर येते. मला हा विषय इथे, आपल्या गावात येऊन का बोलावासा वाटला, ते त्यात आहे.

सिंगापूर हा श्रीमंत आणि शिस्तीचा देश. २०१७च्या सुमारास त्यांनी जमिनीखालचा विश्वासार्ह नकाशा करायचं ठरवलं आणि झुरिक शहराच्या मोजणी खात्याला सोबत घेतलं. बरोबर स्वित्झर्लंडच्या विद्यापीठाची सिंगापूरमधली संस्थाही होती. लोकांना वाटतं, रस्त्यावरून रडारची गाडी फिरवली की खालचं सगळं दिसतं. तशी गाडी तिथे फिरवूनही पाहिली. रडार उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा आहेत. ओल्या चिकण मातीत लहरी विरून जातात. एकाखाली एक असलेल्या नळांतला खालचा दिसत नाही. आणि दिसलेला ठिपका पाण्याचा नळ आहे की विजेची केबल, हे रडार सांगत नाही. आपल्याकडची काळी माती तर पावसाळ्यात रडारला फार खोल जाऊच देत नाही. दुसरं यंत्र धातूचा नळ शोधतं, पण हल्ली आपण सगळीकडे प्लॅस्टिकचे नळ टाकतोय. नळासोबत साधी तांब्याची तार टाकली नाही, तर तो त्या यंत्राला सापडतच नाही.

झुरिकची पद्धत याहून कितीतरी साधी आहे. नळ टाकला, चर अजून उघडा आहे, तेव्हाच मोजणीदार येऊन माप घेतो आणि मगच माती पडते. वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलंय. सिंगापूरलाही शेवटी तेच पटलं. जुन्या नकाशांची दुरुस्ती चालू ठेवायची, पण आजपासून जो चर उघडेल तो मापल्याशिवाय बुजू द्यायचा नाही. उघड्या चरात एका तासात आणि फितीने होणारं काम चर बुजल्यावर लाखो रुपयांच्या यंत्रालाही खात्रीने जमत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मार्च २०२३मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणलं. अंदाधुंद खोदाईत तुटणाऱ्या फायबर आणि तत्सम गोष्टींमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३ हजार कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. खोदणाऱ्याने अ‍ॅपवर जागा कळवायची आणि तिथल्या मालकांना निरोप जायचा. चांगली सुरुवात आहे. पण हे अ‍ॅप खोदणारा आणि मालक यांची गाठ घालून देतं. मालकालाच आपला नळ कुठून गेलाय हे ठाऊक नसेल, तर गाठ पडून काय उपयोग?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आपल्या पेठेत काय झालं ते तुमच्यापैकी निम्म्या जणांना माहीत आहे. खोदकामात पाण्याची लाइन तुटली, सायकलची ट्यूब गुंडाळून ती बांधली आणि वर मुरूम टाकला. शेजारून गटार. आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं. पाणी बंद झालं की रिकामा होणारा नळ आतून ओढ घेतो आणि फटीतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. पुढच्या महिन्यात गल्लीत घरटी एकाला कावीळ. माझी आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती, आणि तिला उसाचा रस आणून देणारी शेजारची मुलगीही पुढच्या आठवड्यात आजारी पडली. कोणी तोडली यावर बरीच भांडणं झाली. मला त्यात पडायचं नाही. ज्या माणसाने तिथे खोदलं त्याच्या हातात कुठलाच कागद नव्हता, एवढं मी विचारून घेतलंय. असा कागद कोणाकडेच नव्हता.

होता तो एका माणसाच्या डोक्यात. आपल्या भागाचे व्हॉल्व्ह फिरवणारे काका येत्या मार्चला निवृत्त होताहेत. या मे महिन्यात मी, पाणीपुरवठ्यात असलेली आपली मैत्रीण आणि काका असे दोन दिवस पेठेत फिरलो. काका पायाने ठोकून सांगायचे, इथे व्हॉल्व्ह आहे, इथून लाइन वळते, ही जुनी बिडाची, ही बंद पडलेली पण कापलेली नाही. "बंद पडलेली पण कापलेली नाही" हे वाक्य ऐकायला मी युरोपातल्या कंपन्यांना पत्रावर पत्रं लिहिते! तीन व्हॉल्व्ह काँक्रीटखाली गेलेत. त्यातल्या एकाची खूण काकांनी सांगितली, "पिंपळापासून देवळाकडे सात पावलं." पिंपळ रस्ता रुंद करताना गेला. काका थोडा वेळ तिथे उभे राहिले, मग म्हणाले, "इथंच कुठंतरी." आम्ही वहीत त्या व्हॉल्व्हपुढे 'डी' लिहिलं.

हे मी आत्ताच बोलतेय, कारण भुयारी गटाराची योजना सध्या गावभर चालू आहे आणि त्यामागोमाग गॅस येणार आहे. पुढची दीड-दोन वर्षं गावातले बहुतेक रस्ते उघडलेले असतील. नंतर काँक्रीट होईल आणि मग पुढची वीस वर्षं कोणी हात लावणार नाही. गाव पुन्हा इतकं उघडं बघायला मिळणार नाही.

आपल्या वर्गातले तिघेजण ठेकेदार आहेत, दोघं नगरपालिकेत आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट. बिलासाठी तुम्ही मोजमाप वही लिहिता. टाकलेल्या नळाचा मीटर न् मीटर त्या एमबीत असतो. किती लांब, किती व्यासाचा, किती खोल चर, किती मुरूम, सगळं. फक्त तो नळ कुठे आहे, एवढंच त्यात नसतं! मोजायला माणूस जातो, फीत जाते, सही होते. त्याच वेळी वळणावर, सांध्यावर आणि व्हॉल्व्हवर दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनचं अंतर घ्यायचं. शक्य असेल तिथे तिसरंही, म्हणजे ताळा होतो. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबायचं नाही. गल्लीबोळात ते चार-पाच मीटर सहज चुकतं, आणि तेवढ्यात नळ एका बाजूच्या गटारावरून दुसऱ्या बाजूच्या गटारावर जातो. फीत चरात ठेवून एक फोटो. बस्स. याला सॉफ्टवेअर लागत नाही. नंतर कधी लागलं तर मी आहे.

वर्गातल्या एका शहाण्याने मला काल रात्री जेवताना विचारलं, "पण ती वही बघणार कोण?" प्रश्न बरोबर आहे. फ्लँडर्समध्ये कायद्याने बघायला लावलं, तेव्हा लोक बघायला लागले. आपल्याकडे तो कायदा कधी होईल ते आपल्या हातात नाही. पण पेठेची वही आता पाणीपुरवठ्याच्या टेबलावर आहे आणि गेल्या दोन महिन्यांत दोनदा जेसीबीवाल्याने ती मागितली, असं मैत्रीण सांगते. दोनदा काही फार नाही. पण आधी ती नव्हतीच.

आता शेवटचं, आणि मग मी बसते, कारण जेवणाची पानं मांडल्याचा आवाज मलाही येतोय. आपण वर्गणी काढून मुलींच्या स्वच्छतागृहाला आणि पिण्याच्या पाण्याला टाकीपासून नवी लाइन देतोय. दिवाळीच्या सुट्टीत मैदानातून चर निघेल. शाळेच्या आधीच्या लाइनी कुठून जातात हे मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या शिपायांना माहीत होतं," आणि ते शिपाईमामा आता नाहीत. तेव्हा नवी लाइन तरी लिहून ठेवू. मैदानातल्या झाडापासून किंवा झेंड्याच्या खांबापासून माप घ्यायचं नाही, दोन्ही हलतात. इमारतीचा पूर्वेचा कोपरा आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा धरायचा. नळाबरोबर तांब्याची तार टाकायची, खर्च मी करते. काम घेतलेला आपला मित्र समोर तिसऱ्या रांगेत बसून हसतोय. त्याचा हिशोब असा, की चर सकाळी उघडेल आणि संध्याकाळी बुजेल. दुपारी मला दीड तास द्या. फीत मी आणते, दुसरं टोक धरायला कोणीतरी या.